वर्गात येणारा आशिया

अमेरिकेतील शाळांत आशियाची ओळख करून देण्याचे काम ज्या शिक्षकांकडे येते, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या स्वतःच्या शिक्षणात चीन, जपान किंवा भारत या विषयांना फारसे स्थान मिळालेले नसते. तरीही कॅलिफोर्नियासारख्या राज्यात सहावीच्या सामाजिक शास्त्राच्या एकाच वर्षात मेसोपोटेमिया, इजिप्त, ग्रीस आणि रोम यांच्या जोडीने प्राचीन भारत व प्राचीन चीन शिकवणे त्यांना भाग असते. काही आठवड्यांत काही हजार वर्षे आवरायची असल्याने धडा साहजिकच पदार्थ, पोशाख आणि सण यांच्या आधाराला जातो, कारण या तिन्ही गोष्टी मुलांना दाखवता येतात आणि त्यांच्यासाठी शिक्षकाला फार वाचावे लागत नाही. हा दोष शिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. ज्याला कोणी शिकवलेच नाही त्याच्याकडून शिकवण्याची अपेक्षा करणारी व्यवस्था दोषी आहे, आणि ती सुधारण्याचे जे प्रयत्न अमेरिकेत झाले त्यांचा इतिहास शिक्षणाची आस्था असलेल्या मराठी वाचकाने जाणून घ्यावा असा आहे.

सोव्हिएत संघाने १९५७ साली स्पुटनिक हा कृत्रिम उपग्रह अवकाशात सोडला आणि त्या धक्क्यातून १९५८ साली अमेरिकेत राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. या कायद्याच्या ‘टायटल सिक्स’ या भागाखाली विद्यापीठांना परकीय भाषा आणि प्रदेश-अभ्यास यांसाठी सरकारी पैसा मिळू लागला. प्रदेश-अभ्यास म्हणजे एखाद्या भूभागाची भाषा, इतिहास, धर्म, अर्थकारण आणि साहित्य यांचा एकत्रित अभ्यास. मूळ प्रेरणा संरक्षणाची असली, तरी या केंद्रांनी आपले ज्ञान विद्यापीठाच्या आवारापुरते न ठेवता शाळांपर्यंत न्यावे ही अपेक्षा पुढे त्यांच्या कामाचा भाग झाली. एशिया सोसायटी या संस्थेने १९७६ साली अमेरिकी पाठ्यपुस्तकांतील आशियाच्या चित्रणाची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा हा खंड बहुतेक पुस्तकांत पाश्चात्त्य प्रगतीच्या मापाने मोजला जात असल्याचे दिसून आले. पुस्तके बदलायला वर्षे लागतात, आणि बदललेले पुस्तकही तयारी नसलेल्या शिक्षकाच्या हाती फारसे काही साधत नाही, त्यामुळे खरी गरज शिक्षकांपर्यंत पोहोचण्याची होती.

ही गरज ओळखून १९९८ साली फ्रीमन फाउंडेशनच्या अर्थसाहाय्याने ‘नॅशनल कन्सोर्टियम फॉर टीचिंग अबाउट एशिया’ हा विद्यापीठांचा संघ उभा राहिला. पूर्व आशियाचा अभ्यास करणारी कोलंबिया, इंडियाना, पिट्सबर्ग, वॉशिंग्टन, कोलोरॅडो यांसारख्या विद्यापीठांतील केंद्रे त्यात आली. त्यांच्या कामाचा गाभा म्हणजे सुमारे ३० तासांचे चर्चासत्र. एका दिवसात उरकणारी कार्यशाळा आणि हे चर्चासत्र यांत मोठे अंतर आहे, कारण येथे शिक्षक विद्यार्थी म्हणून येतो, तज्ज्ञ प्राध्यापकांची व्याख्याने ऐकतो, नेमून दिलेले वाचन करून येतो, इतर शिक्षकांशी त्यावर वाद घालतो आणि या सगळ्यानंतरच आपल्या वर्गासाठी पाठाचा आराखडा तयार करतो. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. पाठाचा आराखडा आधी हाती दिला की शिक्षक वाटप करणारा होतो. वाचन आधी झाले की तो स्वतःच्या मुलांना काय झेपेल, काय रुचेल आणि कशाने ती अस्वस्थ होतील याचा निर्णय घेऊ शकतो.

या फरकाचे चांगले उदाहरण जपानच्या कामिशिबाईचे आहे. कामिशिबाई म्हणजे कागदी नाटक: लाकडी चौकटीत चित्रांची पाने एकामागे एक ठेवलेली असतात, कथेकरी एकेक पान बाजूला सरकवून मागे टाकतो आणि पानांच्या पाठीवर लिहिलेला मजकूर वाचत किंवा रंगवून सांगत जातो. अमेरिकी प्राथमिक शाळांत हा प्रकार लोकप्रिय आहे, कारण तो करायला सोपा आहे. जाड कागद आणि रंग आणले की मुले आपापली गोष्ट तयार करतात, भिंतीवर चित्रे लागतात आणि जपान ‘झाला’ असे समाधान मिळते. पण ज्या शिक्षकाने कामिशिबाईचा इतिहास वाचला आहे त्याचा तास येथे थांबत नाही. १९३० च्या सुमारास जागतिक मंदीने टोकियोत बेकारी वाढली असताना अनेक माणसे सायकलीच्या मागे लाकडी चौकट बांधून गल्लोगल्ली फिरू लागली, लाकडी टिपऱ्या वाजवून मुले गोळा करू लागली आणि गोळ्या-मिठाई विकून पोट भरू लागली. गोष्ट उत्कंठेच्या टोकावर थांबायची, म्हणजे मुले दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. पुढे युद्धाच्या काळात हीच चौकट सरकारी प्रचारासाठी वापरली गेली आणि त्याग, बचत, शत्रुद्वेष यांचे पाठ तिच्यातून दिले गेले, युद्धानंतर अमेरिकी ताबा आला तेव्हा तिच्यावर त्या सत्तेची तपासणी बसली, आणि १९५० च्या दशकात दूरचित्रवाणी घरोघरी येऊ लागली तसा रस्त्यावरचा कथेकरी ओसरला. हे कळलेले दहा वर्षांचे मूल चित्रे रंगवताना एक प्रश्न विचारू शकते, की जे माध्यम मुलांना इतके आवडते तेच युद्धाच्या कामी कसे आले. असा प्रश्न निघाला तर जपान त्या वर्गात खऱ्या अर्थाने आला असे म्हणता येईल, कारण मुलांना मग तो माणसांचा देश म्हणून दिसतो, आणि त्या माणसांची गरिबी, हुशारी आणि चुकाही दिसतात.

येथे महाराष्ट्राशी एक धागा जुळतो. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाचे चित्रकथी हातात चित्रांची पोथी घेऊन, एकेक पान दाखवत, वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील कथा सांगत आले आहेत. परशुराम गंगावणे यांना या परंपरेसाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. व्हिक्टर मेअर या चिनी साहित्याच्या अभ्यासकाने १९८८ सालच्या आपल्या ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगण्याच्या प्रथेचे मूळ भारतात शोधले आणि बौद्ध धर्माच्या वाटेने ती चीनपर्यंत गेल्याची मांडणी केली. जपानमध्ये देवळांतील चित्रे दाखवून त्यांचा अर्थ सांगण्याची ‘एतोकी’ नावाची जुनी परंपरा आहे. म्हणून कामिशिबाई पिंगुळीहून निघाली असे कोणी समजू नये. विसाव्या शतकातील एक शहरी धंदा आणि कोकणातील एक जुनी कला यांना थेट बापलेक ठरवणे चुकीचे होईल. मात्र दोन्ही शेजारी ठेवून मुलांना साम्य आणि भेद शोधायला लावणे हा उत्तम पाठ आहे, आणि आशियाचे देश एकमेकांशी बोलत आले आहेत ही गोष्ट कोणत्याही नकाशापेक्षा त्यातून अधिक नीट कळते.

भारताच्या बाबतीत शिक्षकाची अडचण अधिक खोल आहे. वर उल्लेखिलेला संघ मुख्यतः चीन, जपान आणि कोरिया यांच्यासाठी आहे. दक्षिण आशियासाठी विद्यापीठांतील केंद्रे काम करतात आणि त्यांच्या पुढाकाराने २०१२ पासून बालसाहित्याला ‘साउथ एशिया बुक अवॉर्ड’ हा पुरस्कारही दिला जातो, परंतु शिक्षकांना दीर्घकाळ बसवून शिकवणारी तितकी विस्तृत व्यवस्था येथे नाही. त्यातच जातीचा प्रश्न येतो. २००५-०६ मध्ये आणि पुन्हा २०१६ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील पाठ्यक्रमाच्या मजकुरावरून मोठा वाद झाला. काही हिंदू संघटनांना जात आणि स्त्रियांचे स्थान यांविषयीचे वर्णन बदलून हवे होते, तर दलित संघटना आणि अनेक अभ्यासक त्या बदलांना विरोध करत होते. एका बाजूला पाठ्यपुस्तकातील चार पायऱ्यांचा पिरॅमिड, ज्यात दोनअडीच हजार वर्षांचा समाज एका आकृतीत गोठतो, आणि दुसऱ्या बाजूला जात हा शब्दच टाळण्याचा आग्रह, अशा कोंडीत सापडलेल्या शिक्षकाला दोन्हींपेक्षा अधिक सत्य असे काही वाचायला देणे हीच खरी मदत ठरते.

असे वाचन मराठीतून इंग्रजीत केव्हाच गेलेले आहे, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी ठाऊक नाही. इरावती कर्वे यांचा पंढरीच्या वारीवरील निबंध १९६२ साली ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’ या नियतकालिकात इंग्रजीत प्रसिद्ध झाला. समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्राची ही अभ्यासक वारकऱ्यांबरोबर चालते, त्यांच्यात रमते, आणि एकच अभंग गात चाललेल्या एकाच दिंडीतील ब्राह्मण व मराठा गट जेवायला मात्र वेगळे बसतात हे पाहून व्याकूळ होते. जातीचा पिरॅमिड मुलांना जे कधीच सांगू शकणार नाही ते या निबंधात आहे: भेदभाव चांगल्या, प्रेमळ, भाविक माणसांच्या रोजच्या वागण्यात कसा राहतो आणि त्याच समाजातील माणूस त्याला प्रश्न कसा विचारतो. एलिनॉर झेलियट आणि फलटणमध्ये स्थायिक होऊन शाळेचे काम उभारणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी महाराष्ट्रातील धर्मजीवनावर संपादित केलेल्या १९८८ च्या ग्रंथातही हा निबंध समाविष्ट आहे. दि. बा. मोकाशी यांच्या ‘पालखी’चा फिलिप एंगब्लॉम यांनी केलेला अनुवाद १९८७ साली, आणि तुकारामांच्या अभंगांचे दिलीप चित्रे यांनी केलेले अनुवाद १९९१ साली प्रसिद्ध झाले. यांना मूळ साधने म्हणतात, म्हणजे त्या समाजातील माणसाने स्वतः लिहिलेला मजकूर, मग तो अनुवादातून का वाचावा लागेना. आणि शिक्षकाचा आत्मविश्वास अशा साधनांनी जितका वाढतो तितका परक्याने लिहिलेल्या सारांशाने वाढत नाही.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांचा या कामातील वाटा आजवर बहुधा दिवाळीपुरता राहिला आहे. आई किंवा वडील वर्गात येतात, पणत्या आणि फराळ दाखवतात, मुले आनंदतात. या आनंदाची किंमत कमी नाही, कारण आपल्या घराची भाषा आणि चव शाळेत मान्य झाल्याचे त्या एका मुलाला जन्मभर आठवते. इलिनॉयने २०२१ साली आणि न्यू जर्सीने २०२२ साली आशियाई अमेरिकनांचा इतिहास शाळांत शिकवण्याचा कायदा केला, त्यामुळे पालकांना बोलावणे यापुढे वाढण्याची शक्यता आहे, परंतु त्या कायद्यांचा विषय स्थलांतरितांचा अमेरिकेतील इतिहास हा असून आशियातील समाजांची ओळख हा त्याहून निराळा अभ्यास आहे, याची जाण पालक आणि शाळा दोघांनी ठेवायला हवी. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली उत्तर अमेरिकेत चालणाऱ्या मराठी शाळांत दोन्ही भाषा जाणणारे स्वयंसेवक शिक्षक आहेत, आणि अमेरिकी शिक्षकाला ज्या साहाय्याची गरज आहे ते त्यांच्याच आवाक्यातले आहे. कर्वे यांच्या निबंधातील सातआठ पाने निवडणे, हक्कधारकांची परवानगी घेणे, आळंदी ते पंढरपूर या मार्गाचा नकाशा जोडणे, दिंडी, अभंग, माळ, एकादशी या शब्दांवर प्रत्येकी दोन ओळींची टीप लिहिणे, लेखिका कोण होती आणि ती का चालली हे अर्ध्या पानात सांगणे, आणि वर्गात ज्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाला एकट्याने देता येणार नाही त्यासाठी संध्याकाळी फोनवर उपलब्ध असणे, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.