चाबकाला वजन हवं

गेल्या आठवड्याच्या लेखावर अपेक्षेप्रमाणे पत्रं आली. 'खेळात कुणी पाहुणा आला की तुम्ही नाक मुरडता' असा एकंदर सूर. निकी मिनाज 'कॉल ऑफ ड्यूटी'त बंदूक घेऊन धावली तर तुमचं काय जातं, असं एकाने थेटच विचारलं आहे. माझं काहीच जात नाही. जातं ते विकत घेणाऱ्याचं, आणि हाती येतो फक्त कपडेपट. नेम तोच, गोळी तीच, धावही तीच. 'फोर्टनाइट'मध्ये पीटर ग्रिफिन आणला तेव्हा त्याचं जगप्रसिद्ध पोट गायब करून वर पिळदार दंड लावले. ज्या पोटामुळे तो ओळखला जातो, तेच दाराबाहेर ठेवायला लावलं. याला पाहुणचार म्हणायचं असेल तर म्हणा.

पण मी क्रॉसओव्हरचा वैरी नाही. पुरावा म्हणून आज एकच पाहुणा आणि त्याची दोन यजमान घरं घेतो. पाहुणा 'कॅसलवेनिया' ही खेळमालिका, म्हणजे १९८६ पासून ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात चाबूक घेऊन फिरणारं बेलमाँट घराणं. पहिलं घर फ्रान्सचं, 'डेड सेल्स'. त्याचा 'रिटर्न टू कॅसलवेनिया' हा विस्तार मार्च २०२३ मध्ये आला. दुसरं 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स'. त्याचा 'ओड टू कॅसलवेनिया' ऑक्टोबर २०२४ च्या शेवटच्या दिवशी, हॅलोविनचा मुहूर्त साधून आला. दोन्ही घरं मुळात कॅसलवेनियाच्याच उधारीवर उभी राहिलेली.

आणि मालक? कोनामीबद्दल माझं मत जुन्या वाचकांना पाठ आहे, तरी राहवत नाही. २०१४ च्या 'लॉर्ड्स ऑफ शॅडो २'नंतर या कंपनीने बरीच वर्षं मोठा कॅसलवेनिया काढायचं नाव काढलं नाही. २०१५ मध्ये काढलं ते त्याच्या नावाचं जुगारयंत्र, आणि त्याच्या जाहिरातीत 'इरॉटिक व्हायोलन्स' हे शब्द. जपानात कोनामीच्या व्यायामशाळाही आहेत. घाम लोकांनी तिथे गाळावा, खेळ दुसऱ्यांनी करावेत, अशी ही श्रमविभागणी असावी.

आता मुद्द्याचं. मूळ खेळातला सायमन बेलमाँटचा चाबूक आठवा. बटण दाबलं की हात आधी मागे जातो आणि मग फटका पडतो. मधला तो क्षणभराचा उशीर हाच सगळा खेळ. उडी एकदा घेतली की हवेत दिशा बदलता येत नाही. वटवाघळाने धडक दिली की माणूस मागे फेकला जातो, बहुधा थेट खड्ड्यात. 'डेड सेल्स'मध्ये याच्या नेमकं उलट. इथे कोलांटी मारा, हवेत दुसरी उडी घ्या, वाटेल तिकडे वळा. पण विस्तार यायच्या कितीतरी आधी त्यांच्या शस्त्रांत 'व्हॅल्माँट्स व्हिप' होता. बेलमाँट हे नाव किंचित बदलून केलेली चेष्टा, पण चेष्टेमागे अभ्यास होता. त्या चाबकाचा जबर घाव बसतो तो फक्त टोकाने. म्हणजे शत्रूला अंगावर येऊ द्यायचं नाही, अंतर मोजून उभं राहायचं. जुन्या खेळाचा उशीर त्यांनी टाकला, शिस्त ठेवली. त्यामुळे रिश्टर बेलमाँट आणि आलुकार्ड हे कॅसलवेनियाचे नायक खरोखर दारात आले तेव्हा त्यांना परकं वाटण्याचं कारणच उरलं नव्हतं.

याहून मोठी गोष्ट किल्ल्याची. १९९७ च्या 'सिंफनी ऑफ द नाइट'मध्ये आलुकार्ड सांगतो, की हा किल्ला म्हणजे अनागोंदीतून जन्मलेला जीव आहे, त्याची रूपं बदलत राहतात. वाक्य झकास, पण त्या खेळातला किल्ला मात्र जागचा हलत नाही. चार-सहा वेळा खेळलेला माणूस त्यात डोळे मिटून फिरतो. 'डेड सेल्स'मध्ये प्रत्येक डावाला जिने, दालनं, दारं नव्याने मांडली जातात, आणि ड्रॅक्युलाचा किल्लाही त्याला अपवाद नाही. आलुकार्डची थाप, मला तरी ती इतकी वर्षं थापच वाटायची, सव्वीस वर्षांनी परक्या घरात खरी ठरली. जुगलबंदीत दुसऱ्याने उचललेली जागा पहिल्यालाच नव्याने सुचावी, तसं हे झालं.

'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स'चा कर्ता लुका गालान्ते हा इटालियन. त्याने चाबूक, क्रूस, पवित्र पाणी, सगळं आधीच उचललं होतं. जमिनीवर पडलेली कोंबडी खाऊन जीव भरून काढायची रीतसुद्धा. त्यामुळे अधिकृत परवाना मिळाल्यावर खेळात चाबूक झाले दोन जातींचे, उसने आणि असली. विस्ताराचं माप राक्षसी आहे. वीसहून जास्त पात्रं, चाळीसच्या वर शस्त्रं, संपता संपत नाही असा किल्ला, आणि किंमत चार डॉलरच्या आत. उदारपणात फ्रेंच मंडळी याच्यापुढे कंजूषच ठरतील.

पण या खेळात हल्ल्याचं बटणच नाही. चाबूक आपला आपण फिरतो, खेळणाऱ्याने फक्त पळायचं. तो उशीर, ते अंतर, चुकलेला फटका, यातलं काही हाताला लागत नाही. पात्रं ओळखल्याचा आनंद होतो आणि पडद्यावर इतका लखलखाट होतो की तेवढ्यापुरतं पुरे वाटतं. गालान्ते पूर्वी जुगाराचे खेळ बनवणाऱ्या धंद्यात होता. त्याच्या खेळात पेटी उघडताना होणारी ती रोषणाई कुठून आली हे निराळं सांगायला नको. तो जुगार सोडून इकडे आला, कोनामी इकडून तिकडे गेली. वाटेत त्यांची गाठ पडलीच असणार, असा माझा पुराव्याविना दाट संशय आहे.

तरी ओडवर माझे तास जास्त गेलेत, हे घरच्यांना ठाऊक आहे म्हणून इथेही लिहून टाकतो. शेंगदाणेही आपण जेवणापेक्षा जास्त वेळ खातो.

'रिटर्न'मध्ये खोट नाही असं नाही. किल्ला फार लवकर आटोपतो. मेड्युसा, मृत्यू आणि खुद्द ड्रॅक्युला यांच्या लढती चोख आहेत, पण मधल्या दालनांना अजून वाव होता. संगीतात मात्र हात आखडलेला नाही. 'ब्लडी टिअर्स'सारख्या चाली नव्याने बांधल्यात, आणि जुन्या खेळांचे ५१ मूळ तुकडेही दिलेत. सेटिंगमध्ये जाऊन ते लावले की 'डेड सेल्स'च्या स्वतःच्या पातळ्यांवरही तेच वाजतात. मी ते तुरुंगाच्या पहिल्याच पातळीला लावतो. रिश्टर अजून भेटलेला नसतो, पण हात आपोआप अंतर मोजायला लागतो.