अहवालातील आकडा आणि व्हॉल्व्हची निगा

एका औषधाचे मर्दन झाल्यावर खल स्वच्छ धुतल्याखेरीज त्यात दुसरे औषध घोटावयाचे नाही, हा दंडक आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच आत्मसात केलेला आहे. तेच औषध तपासणीस गेले की तेथील ‘खला’ची चौकशी मात्र आपण करीत नाही, अहवालातील आकडा निमूटपणे स्वीकारतो.

2000 साली ‘शेड्यूल टी’ आल्यापासून औषधनिर्मात्यास स्वतःचा गुणनियंत्रण विभाग ठेवणे अथवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासणी करून घेणे आवश्यक झाले. गिरगाव-दादरकडील लहान फार्मसींना दुसराच मार्ग परवडतो. हळदीतील करक्युमिन वा त्रिकटूतील पाइपरिन एचपीएलसी यंत्रावर मोजताना नमुना सहा छिद्रांच्या लहानशा फिरत्या व्हॉल्व्हमधून आत जातो. ‘लोड’ स्थितीत द्रावण लूप नामक बारीक नळीत भरते. ‘इंजेक्ट’ स्थितीत पंपाचा प्रवाह ते स्तंभाकडे वाहून नेतो.

या व्हॉल्व्हमधील रोटर सीलवर ओरखडा उठला की द्रावण झिरपते, स्तंभात कमी पोहोचते आणि उत्तम औषध हीन ठरते. उलट, आधीच्या तीव्र अर्काचा अंश खाचेत राहिला तर हीन द्रव्यही उत्तीर्ण होते. आमच्या त्रिकटु चूर्णाच्या एकाच घाणीचे दोन अहवाल एकदा परस्परविरोधी आले. आम्ही पिंपळी देणाऱ्या व्यापाऱ्यास बोल लावून मोकळे झालो. दोष झिजलेल्या सीलचा होता, हे मागाहून कळले.

असा अन्याय आपल्या परळनेही सोसला आहे. 1902 मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी प्लेगची लस टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर व डॉ. हाफकिन यांच्यावर आला. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, हे पुढे पुराव्यांतून दिसले. 1907 साली हाफकिन दोषमुक्त झाले. बाटली निर्दोष होती, मधले साधन सदोष होते.

व्हॉल्व्हची निगा अवघड नाही. नमुना 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळावा. गुग्गुळासारख्या राळयुक्त द्रव्यांबाबत तर हे कटाक्षाने पाळावे. हाताने फिरवावयाच्या व्हॉल्व्हसाठी सपाट टोकाचीच सुई वापरावी. अणकुचीदार सुईने सील खरवडते. 20 मायक्रोलिटरचा लूप पूर्ण भरावयाचा तर त्याच्या काही पट द्रावण सोडावे. दांडा मध्येच न थांबता झटकन फिरवावा, कारण अर्ध्यावर प्रवाह अडून दाब वाढतो. क्षारयुक्त बफर वापरल्यास शेवटी पाण्याने धुवावे. अन्यथा क्षारांचे स्फटिक सील झिजवितात. स्वयंचलित यंत्रातही व्हॉल्व्ह असतोच, तेव्हा त्याची निगा चुकत नाही.

आमचे मत असे की, प्रत्येक अहवालासोबत दोन गोष्टी मागण्याचा आग्रह वैद्यांनी व फार्मसीचालकांनी धरावा : एकाच नमुन्याच्या निदान पाच इंजेक्शनांचे आकडे आणि तत्पूर्वी सोडलेल्या कोऱ्या द्रावणाचा आलेख. आकडे परस्परांशी जुळत नसतील वा कोऱ्या आलेखात शिखर उमटले असेल, तर दोष औषधावर टाकण्याची घाई करू नये. यासाठी चार पैसे अधिक पडले तर ते आपण आनंदाने द्यावेत. केवळ ‘पास’चा शिक्का स्वस्तात मागणारा ग्राहकही या हयगयीस जबाबदार असतो. त्या आकड्यावर विसंबून आपण रुग्णाच्या हाती पुडी ठेवतो, याचे भान सुटता कामा नये.