नकोसे फोन : कॉल करणाऱ्याची ओळख कोण पटवणार?

चंडीमंदिर (हरियाणा) - लष्कराच्या पश्चिम कमांडचे मुख्यालय असलेल्या चंडीमंदिरसारख्या छावणीत अनोळखी क्रमांकावरून येणारा फोन ही केवळ डोकेदुखी ठरत नाही. मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'नंतर पाकिस्तानी हस्तक भारतीय क्रमांकाच्या आडून आणि संरक्षण अधिकारी असल्याची बतावणी करून पत्रकार व नागरिकांकडून माहिती काढू पाहत असल्याचा इशारा संरक्षण यंत्रणेला द्यावा लागला होता.

याच परिसरात अशा फोनची आर्थिक झळही मोठी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानातील उद्योगपती एस. पी. ओसवाल यांना भामट्यांनी सात कोटी रुपयांना गंडवले. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या बनावट सुनावणीचा देखावा उभारून तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचेही सोंग घेण्यात आले. चंडीमंदिरपासून जवळच असलेल्या अंबाल्यातील एका ज्येष्ठ दांपत्याला न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून एक कोटीहून अधिक रुपयांना फसवण्यात आले. त्यांच्या पत्राची ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर रोजी 'डिजिटल अरेस्ट' प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

जाहिरात, छळ, फसवणूक आणि हेरगिरी हे चार वेगळे प्रकार असले तरी त्यांचा दरवाजा एकच आहे. कॉल करणाऱ्याला स्वतःची ओळख पटवून द्यावी लागत नाही. सरकारी उपायांचा भर मात्र दीर्घकाळ कॉल घेणाऱ्याने काय करावे, यावरच राहिला.

नोंदणीची दीड दशके

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, २००७ मध्ये 'नॅशनल डू नॉट कॉल' नोंदवही सुरू केली. जाहिरातीचे फोन नको असतील, तर ग्राहकाने तसे कळवायचे, अशी ती व्यवस्था होती. तिचा फारसा उपयोग होत नसल्याने २०१० मध्ये नवे नियम आले आणि सप्टेंबर २०११ पासून ते पूर्णतः लागू झाले. १९०९ हा क्रमांक घरोघरी पोहोचला. २०१८ च्या नियमावलीने व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्या संस्थांची आणि त्यांच्या मजकुराची नोंदणी बंधनकारक केली.

या नियमांनी नोंदणीकृत कंपन्यांना शिस्त लागली. उपद्रव मात्र साध्या दहा अंकी क्रमांकांकडे वळला. ऑगस्ट २०२४ मध्ये 'ट्राय'ने अशा बेकायदा विक्रेत्यांच्या जोडण्या तोडण्याचा आदेश दिला, तेव्हा काही आठवड्यांतच पावणेतीन लाखांहून अधिक क्रमांक बंद करावे लागले. रोगाचे खरे मूळ कोठे आहे, ते या आकड्यावरून दिसते.

फेब्रुवारी २०२५ मधील दुरुस्तीने हे ओझे काही अंशी हलवले. ग्राहकाने आधी नोंदणी केलेली नसली, तरी नोंदणी नसलेल्या विक्रेत्याविरुद्ध त्याला तक्रार करता येते. तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली. अशा तक्रारीवर तीस दिवसांऐवजी पाच दिवसांत कारवाई करणे कंपन्यांवर बंधनकारक झाले. तक्रारींची संख्या चुकीची कळवणाऱ्या दूरसंचार कंपनीला दोन ते दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही करण्यात आली.

कायद्यातील पोकळी

छळासाठी केलेल्या फोनचा प्रश्न याहून बिकट आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ उपद्रवी संदेशांनाही लागू होते. मात्र संदिग्ध शब्दरचनेमुळे ते अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला घालते, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये ते रद्द केले. तो निर्णय योग्यच होता; परंतु रिकामी झालेली जागा नेमक्या शब्दांत भरली गेली नाही.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार महिलेने नकार स्पष्ट केल्यावरही वारंवार संपर्क साधणे हा गुन्हा आहे. नाव लपवून धमकी दिल्यास कलम ३५१ लागू होते. कर्जवसुलीसाठी सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये मनाई केली. मात्र धमकी नाही, मागणी नाही, तरीही रात्रंदिवस फोन येतात, अशी तक्रार घेऊन जाणाऱ्या पुरुषाला किंवा वृद्ध गृहस्थाला इतका थेट कायदेशीर आधार नाही.

ओळखीकडे वळण

अलीकडचे उपाय कॉल करणाऱ्याच्या ओळखीकडे वळले आहेत. बँकांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारी क्रमांकमालिका ठरवण्यात आली आणि व्यापारी बँकांना त्यासाठी १ जानेवारी २०२६ ची मुदत देण्यात आली. परदेशातून भारतीय क्रमांकाचा बुरखा घेऊन येणारे फोन रोखणारी यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. तिने पहिल्या चोवीस तासांतच १ कोटी ३५ लाख कॉल अडवले. सिमकार्ड ज्याच्या नावावर आहे, त्याचे नाव पडद्यावर दाखवण्याच्या योजनेवरही ऑक्टोबर २०२५ मध्ये सहमती झाली.

तरीही दोन त्रुटी उरतात. पडद्यावरचे नाव हे सिमकार्डाच्या अर्जावरचे नाव असते. दुसऱ्याच्या कागदपत्रांवर घेतलेले कार्ड खोटेच नाव दाखवेल. शिवाय व्हॉट्सॲपवरील कॉल 'ट्राय'च्या या नियमांच्या कक्षेबाहेर राहतात आणि 'डिजिटल अरेस्ट'चे नाटक बहुधा तेथेच रंगते.

सीमेवर तैनात जवानाचे कुटुंब असो वा निवृत्तिवेतनावर जगणारे सातारा-कोल्हापूरचे माजी सैनिक, 'पोलीस ठाण्यातून बोलतोय' या शब्दांचा धाक त्यांना सारखाच वाटतो. नको असलेल्या जाहिरातींसाठी १९०९, संशयास्पद कॉलसाठी 'संचार साथी'वरील 'चक्षू' आणि पैसे गेल्यास तत्काळ १९३०, हे मार्ग नागरिकांनी वापरायलाच हवेत. मात्र बँकांप्रमाणेच पोलीस आणि सरकारी कार्यालयांनीही ठरावीक, ओळखता येणाऱ्या क्रमांकांवरूनच संपर्क साधण्याचे बंधन स्वीकारायला हवे. तसे झाले, तर तोतयाचा फोन पहिल्या घंटीलाच वेगळा ओळखता येईल.