मॅजिक कोट्स मेले, स्लॅश उरले

पीएचपीतल्या मॅजिक कोट्सचं नाव काढलं की काही मंडळी अजूनही हळवी होतात. "निदान नवशिक्यांच्या साइट्स तरी वाचल्या," म्हणे. काय वाचल्या हो?

फॉर्म, यूआरएल किंवा कुकीतून आलेल्या मजकुरात एकेरी-दुहेरी अवतरणचिन्ह, बॅकस्लॅश किंवा नल कॅरेक्टर दिसलं की पीएचपी परस्पर त्याच्याआधी एक बॅकस्लॅश ठोकायची. का, तर पुढेमागे कोणीतरी ते एसक्यूएलमध्ये घालेल म्हणून! पाऊस येईल म्हणून घरात येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला दारातच प्लास्टिक गुंडाळायचं. मेथीच्या जुडीलाही आणि पाहुण्यांनाही. बरं, क्वेरीत आयडी अवतरणाशिवाय टाकला असेल तर या स्लॅशचा काडीचा उपयोग नाही, कारण हल्लेखोराला अवतरणचिन्ह लागतच नाही.

इंग्रजीत आडनाव लिहिताना ज्यांना अपॉस्ट्रॉफी लागते त्या वसई-गोव्याच्या डिसोझांना विचारा. सर्व्हरवर सेटिंग चालू, आणि प्रोग्रॅमरही अ‍ॅडस्लॅशेस वापरणारा, असा योग जुळला की पहिल्या सेव्हला नावात एक स्लॅश, पुन्हा उघडून सेव्ह केलं की तीन, मग सात.

त्यात हे एका होस्टवर चालू, दुसऱ्यावर बंद. स्क्रिप्टची पहिली ओळ चालायच्या आधीच काम उरकलेलं, त्यामुळे स्क्रिप्टमधून बंदही करता यायचं नाही. म्हणून प्रत्येक पोर्टेबल स्क्रिप्टच्या माथ्यावर तोच मंत्र: सेटिंग चालू आहे का विचारा, असेल तर स्ट्रिपस्लॅशेस फिरवा, अ‍ॅरेत अ‍ॅरे असेल तर आत शिरून फिरवा. २००९ साली ५.३ मध्ये पीएचपीने ते कालबाह्य ठरवलं, २०१२ साली ५.४ मध्ये काढूनच टाकलं. सुटलो?

छे! वर्डप्रेस आजही गेट, पोस्ट, कुकी आणि सर्व्हर या चारही अ‍ॅरेंना स्वतःच्या हाताने स्लॅश लावतं. जुने प्लगइन त्याच भरवशावर आहेत, काढले तर उघडे पडतील, हे कारण. कारण खरं आहे, मान्य. पण त्याची किंमत कोण देतंय ते बघा. पोस्टचा मेटा साठवणारं फंक्शन समोरचा मजकूर स्लॅश लावलेलाच असणार असं धरून चालतं आणि ते काढतं. आता जेसन-एन्कोड नेहमीच्या सेटिंगला 'म' या अक्षराचं बॅकस्लॅश-यू-०९२ई करतं. बॅकस्लॅश गेला की उरतं नुसतं यू०९२ई. तुमचा अख्खा मराठी मजकूर असा भुगा होऊन डेटाबेसमध्ये पडतो, एररही येत नाही. साध्या इंग्रजी मजकुराला काहीच होत नाही, त्यामुळे इंग्रजीत टेस्ट करणाऱ्याला हे दिसतच नाही!

एस्केपिंग जिथे डेटा बाहेर पडतो तिथे करायचं. एसक्यूएलसाठी प्रिपेअर्ड स्टेटमेंट, एचटीएमएलसाठी एचटीएमएलचं. पीएचपीत पीडीओ २००५ पासून आहे. तेव्हा वर्डप्रेसवाल्यांनी आता एक तारीख जाहीर करावी, आणि त्या तारखेनंतर जुन्या भरवशावरचे प्लगइन खुशाल मोडू द्यावेत. तोवर मेटात जेसन टाकण्याआधी डब्ल्यूपी-स्लॅश लावा.