चमकतं म्हणून अस्सल?

परवा नातू स्कूटरवरून पडला. नाशिक फाट्याजवळ पुढची रिक्षा अचानक थांबली, याने ब्रेक दाबला, आणि ब्रेक लागेचना. मनगटावर निभावलं म्हणायचं. ब्रेक शू आठवड्यापूर्वीच नवे टाकले होते आणि ते आणायला मीच गेलो होतो! खोक्यावरचा होलोग्राम चष्मा पुसून, उन्हात धरून पाहिला होता. मेकॅनिकने शू काढून दाखवले. सरळसरळ नकली. कंपनीला फोन केला, तर पलीकडून गोड आवाजात उत्तर आलं, "काका, होलोग्राम बघून घ्यायचा ना!"

माझं डोकंच फिरलं. बघूनच घेतला होता की हो! पण त्यात नेमकं काय बघायचं, हे कुणी कधी सांगितलंय?

मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. पण माझा एक जुना विद्यार्थी चाकणला नोकरी करतो, लेझरशी त्याचा रोजचा संबंध. तीन संध्याकाळी त्याचं डोकं खाल्लं, तेव्हा थोडा उजेड पडला.

होलोग्रामची कल्पना डेनिस गाबोर यांची, १९४७ सालची. साधा फोटो फक्त उजेड किती ते टिपतो, होलोग्राम प्रकाशाची लाट कोणत्या टप्प्यावर आहे तेही टिपतो. लेझर आला १९६० मध्ये आणि तेव्हा कुठे ही गोष्ट नीट जमू लागली. गाबोरना नोबेल मिळालं १९७१ साली. म्हणजे चोवीस वर्षांनी! असो.

खोक्यावरचा स्टिकर बनतो असा. काचेवर प्रकाशाने बदलणाऱ्या पॉलिमरचा थर देतात, लेझरने त्यावर नक्षी उमटवतात, मग रसायनात धुतलं की त्या थरावर सूक्ष्म डोंगर-दऱ्या उरतात. त्यावरून निकेलचा साचा काढायचा आणि प्लास्टिकवर दाबत सुटायचं. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या अशाच छापायचे. इथेच गोम आहे. नक्षी पृष्ठभागावर आहे, म्हणजे एका अस्सल स्टिकरवरून कुणीही दुसरा साचा उठवू शकतो. आणि बऱ्याचदा तेवढेही कष्ट नकोत. नुसता चमचमणारा कागद डकवला की माझ्यासारखा म्हातारा फसतोच.

दुसरी जात आहे फोटोपॉलिमरची. यात नक्षी फिल्मच्या पोटात असते. लेझरचा उजेड पडतो तिथले छोटे रेणू एकमेकांना जोडले जातात, अंधारातले रेणू तिकडे सरकतात, आणि आत थरांवर थर तयार होतात. दोन थरांतलं अंतर मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाएवढं! टिपताना टेबल किंचित हललं तरी सगळं फुकट. (तळेगाव-चाकण रस्त्यालगत हे काम करणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार.) वरून साचा घेऊन याची नक्कल होत नाही. त्याला लेझर लागतो, तसली फिल्म लागते, आणि ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही.

ओळखायचं कसं? खोकं वर-खाली कलवा. इंद्रधनुष्यासारखे रंग पळाले तर छापील. फोटोपॉलिमरचा बहुधा एकाच रंगाचा दिसतो, डावी-उजवी आणि वर-खाली, चारही बाजूंनी वस्तूची वेगळी बाजू दाखवतो, आणि कोन चुकला की चित्र गुडुप. हे सांगायला मला चार वाक्यं लागली. खोक्यावर 'असली माल, होलोग्राम पाहून घ्या' छापायला जागा आहे, मग या चार वाक्यांना नाही?

म्हणे खर्च परवडत नाही. मान्य, ती फिल्म महाग आहे. मग स्वस्त स्टिकर लावा, पण त्याच्या जोरावर जबाबदारी गिऱ्हाइकावर ढकलू नका. नकली माल पकडणं हे सत्तरी ओलांडलेल्या मास्तराचं काम आहे का?

शब्दाचीही आपण माती केली आहे. २०१४ च्या निवडणुकीत नेते एकाच वेळी गावोगावच्या मंचांवर 'होलोग्राम'ने अवतरले, ते पाहून आम्ही टाळ्या पिटल्या. ती युक्ती एकोणिसाव्या शतकातल्या नाटकवाल्यांची, तिरप्या पारदर्शक पडद्यावर पडलेलं प्रतिबिंब! आता मंगल कार्यालयात फिरणाऱ्या दिव्यांच्या पंख्यालाही होलोग्रामच म्हणतात. चमकलं, हवेत दिसलं, की झाला होलोग्राम. नकली स्टिकरवाल्याचं सगळं भांडवल हेच तर आहे.

नातवाचं प्लास्टर अजून तीन आठवडे आहे. खोकं मी टाकलेलं नाही. सोमवारी ते घेऊन कंपनीच्या दारात जाणार आहे, आणि त्यांचा अस्सल होलोग्राम शेजारी ठेवून फरक दाखवा म्हणणार आहे. विद्यार्थी रजा टाकून बरोबर येतो म्हणालाय.