मुक्त आज्ञावली : श्रम कुणाचे, मालकी कुणाची?

संगणकाच्या युगात ज्ञानावर कुणाचीच मक्तेदारी उरलेली नाही, असा डांगोरा भांडवली वृत्तपत्रे सतत पिटत असतात. पुरावा म्हणून मुक्त आज्ञावलीकडे बोट दाखवले जाते. जगभरचे तरुण ती मिळून लिहितात, ती कुणालाही फुकट मिळते. मग शोषण उरले कुठे, असा सवाल आपल्याला केला जातो. उलट आपल्यातीलच काही मित्रांना हा सारा बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी चाललेला वेठबिगार वाटतो. डाव्या विचारांच्या तरुणांनी त्यापासून दूर राहावे, असे ते म्हणतात. या दोन्ही भूमिका चुकीच्या आहेत.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. २००८ साली स्थापन झालेली शुगर लॅब्स ही संस्था मुलांच्या शिक्षणासाठी मुक्त आज्ञावली जोपासते. तिची 'म्युझिक ब्लॉक्स' ही आज्ञावली स्वरांच्या ठोकळ्यांतून मुलांना प्रोग्रामिंग शिकवते. तिच्यातील त्रुटी दुरुस्त करणाऱ्यांत, तिच्यात भर घालणाऱ्यांत भारतीय विद्यार्थ्यांचा मोठा भरणा आहे. रायपूरच्या एनआयटीतील किंवा नवा रायपूरच्या ट्रिपल आयटीतील विद्यार्थी रात्र जागवून अशी दुरुस्ती पाठवतो, तेव्हा तो दानधर्म करीत नसतो. तो सामाजिक श्रम करीत असतो.

या श्रमाचे मोल कोण ठरवते? मुक्त प्रकल्पांत काम करणाऱ्या नवोदितांसाठी गूगल २००५ पासून उन्हाळी विद्यावेतन देते. २०१७ पासून ही रक्कम देशागणिक वेगळी असते. तीच आज्ञावली, तेच कौशल्य. पण भारतीय तरुणाला अमेरिकन तरुणापेक्षा कमी! 'समान कामाला समान दाम' हे तत्त्व येथे उघड पायदळी तुडवले जाते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. असंख्य मुक्त प्रकल्पांचे भांडार असलेले गिटहब मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलरना विकत घेतले. तेथील सार्वजनिक आज्ञावलीवर पोसलेले 'कोपायलट' हे यंत्र २०२१ मध्ये पुढे आले आणि २०२२ पासून त्याचे मासिक शुल्क आकारले जाऊ लागले. लाखोंनी मिळून नांगरलेल्या शेतातले पीक एका सावकाराच्या कोठारात गेले!

मग शेतच सोडून द्यायचे काय? मुळीच नाही. मैदान सोडले तर ते कुणाच्या हाती जाते, हेही आपण पाहिले आहे. २०२० च्या शिक्षण धोरणाने माध्यमिकपूर्व वर्गांत प्रोग्रामिंग आणण्याची घोषणा केली. त्याच वर्षी बायजूजने व्हाइटहॅट ज्युनिअर ही शिकवणी-कंपनी ३० कोटी डॉलरना घेतली. पालकांच्या भीतीवर जाहिरातींचा बाजार मांडला गेला. २०२४ मध्ये बायजूजची मूळ कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. याउलट केरळने सरकारी शाळांतील संगणक मुक्त प्रणालीवर आणले आणि २०१८ मध्ये 'लिटल काइट्स' ही विद्यार्थी मंडळे उभारली. फरक यंत्राचा नाही. सार्वजनिक मालकीचा आहे.

म्हणून लढ्याची दिशा स्पष्ट आहे. पहिली गोष्ट परवान्याची. 'म्युझिक ब्लॉक्स'चा परवाना सांगतो की, जो ही आज्ञावली बदलून जालावरून इतरांना वापरायला देईल, त्याने बदललेला मूळ मजकूरही त्यांना खुला केला पाहिजे. घेतले तर परत द्या, ही ती अट. आपल्या तरुणांनी अशा अटीखालीच श्रम द्यावेत. दुसरी गोष्ट मोबदल्याची. १९५६ साली खाण व धातुशास्त्राचे सरकारी महाविद्यालय म्हणून सुरू झालेली रायपूरची एनआयटी जनतेच्या पैशावर उभी आहे. अशा संस्थांनी शालेय मुक्त प्रकल्पांतील कामाला अभ्यासक्रमात गुण व सार्वजनिक निधीतून विद्यावेतन द्यावे, ही मागणी विद्यार्थी संघटनांनी हाती घेतली पाहिजे.

तिसरी गोष्ट भाषेची. १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' काढणारे माधवराव सप्रे मराठीभाषक होते. टिळकांचे 'गीतारहस्य' त्यांनीच हिंदीत नेले. तीच परंपरा आज छत्तीसगढी, गोंडी, हलबी आणि मराठीत आज्ञावली आणण्याचे काम मागते आहे. हे काम इंजिनिअरांपुरते नाही. शिक्षक आणि अनुवादकही त्यात उतरू शकतात. बस्तरच्या मुलाला ठोकळ्यावरचा शब्द आपल्या बोलीत वाचता आला पाहिजे. बाजार ते करणार नाही, कारण त्यात नफा नाही. ते आपणच केले पाहिजे!