उभ्या गाडीचा पहारेकरी : आधी बॅटरीचा हिशेब करा

गाडी उभी असली तरी डॅश कॅमेरा चोवीस तास पहारा देतो, असे हल्ली विक्रेते ठासून सांगतात. ज्यांचा टेम्पो रात्रभर गोदामाबाहेर किंवा गल्लीत उभा असतो, त्या व्यापारी बांधवांना हे लगेच पटते. आमच्या मते यात अर्धेच सत्य आहे, आणि उरलेल्या अर्ध्याचा भुर्दंड गिऱ्हाइकाला पडतो.

बंद गाडीत कॅमेऱ्याला वीज मिळते ती बॅटरीतूनच. सिगारेट लायटरच्या सॉकेटला जोडलेला कॅमेरा बहुतेक गाड्यांत चावी काढताच बंद पडतो. पार्किंग मोड हवा तर फ्यूज बॉक्समधून तीन तारांची वेगळी जोडणी करावी लागते : एक सतत वीज असणारी, दुसरी चावी फिरवल्यावर वीज येणारी, तिसरी अर्थ. दुसऱ्या तारेतली वीज गेली की गाडी उभी राहिल्याचे कॅमेऱ्याला कळते.

आता हिशेब पाहा. सतत चित्रण करणारा कॅमेरा ०.३ अँपिअर ओढतो असे धरू. रात्रीच्या १० तासांत ३ अँपिअर-अवर खर्च झाले. ४० अँपिअर-अवरच्या चांगल्या बॅटरीला ते जड नाही. पण शनिवारी रात्री लावलेली गाडी मंगळवारी सकाळी काढली, तर ६० तासांत १८ जातात. बॅटरी जुनी असेल तर सेल्फ लागणार नाही, आणि माल बाजाराच्या वेळेला दारातच राहील.

यासाठी जोडणीत व्होल्टेज कट-ऑफ असतो. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या वर असते, १२.२ ला जवळपास निम्मी उरते. बसवणारे मात्र कट-ऑफ ११.८ वर ठेवून देतात. कॅमेरा जास्त वेळ चालतो, गिऱ्हाईक खूश! तोवर बॅटरी जवळजवळ रिकामी झालेली असते. १२.२ चाच आग्रह धरा. २४ व्होल्टच्या ट्रकला हे आकडे दुप्पट.

धक्का बसल्यावरच जागा होणारा मोड वीज वाचवतो. मात्र जागे व्हायला काही सेकंद जातात, आणि ठोकणारा तेवढ्यात निसटू शकतो. धक्क्याआधीचे क्षणही टिपायचे, तर कॅमेरा सतत जागा हवा. म्हणजे पुन्हा तोच खर्च. शिवाय टेम्पोतला माल मागच्या दारातून जातो. पुढच्या काचेवरचा कॅमेरा तिथे काय पाहणार? आमचे मत विचाराल तर टेम्पोवाल्याने भारी चित्राचा एक कॅमेरा घेण्यापेक्षा मागेपुढे दोन साधे घ्यावेत.

उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी कपॅसिटरचा कॅमेरा बरा. आतली लिथियम बॅटरी उष्णतेने फुगते. कार्डही सतत चित्रणासाठी बनवलेलेच घ्या.

कार्ड भरले की कॅमेरा जुन्यावर नवे लिहितो. तेव्हा काही घडले असेल तर गाडी सुरू करण्याआधी कार्ड काढून ठेवा. चित्रण नुसते मोबाइलवर उतरवून कोर्टात भागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते. त्यात फाइलची हॅश संख्या द्यावी लागते, आणि उपकरण सांभाळणाऱ्याबरोबर तज्ज्ञाचीही सही लागते. मूळ कार्ड पाकिटात घालून, तारीख टाकून वकिलाकडे न्यावे.